अंकावरचं नाव आधी वाच

पुणे

चि. सोनू हिस,


तुझा फोन झाल्यापासून मनात तेच घोळतंय. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या नियतकालिकांची सगळी तालिका नव्यानं करायचं काम तुझ्याकडे आलं, याचा मला किती आनंद झाला ते फोनवर नीट सांगता आलं नाही, कारण तू इतकी भरभर बोलत होतीस की मधे माझा शब्द शिरायला जागाच नव्हती. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. एका बैठकीत वाचू नकोस, सकाळी चहाबरोबर थोडं थोडं वाच.

तू म्हणालीस, "आजी, एकाच मासिकाची चार नावं आणि चार नोंदी कशाला? आजचं नाव धरायचं, जुनी नावं त्याच्या पोटात टाकायची. वाचकाला एका शोधात सगळं मिळेल आणि महिनाअखेर माझं काम संपेल." वाचकाला हेलपाटे पडू नयेत ही तुझी इच्छा फार चांगली आहे. वाचकाचा वेळ वाचवा असं रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत सांगितलं, ते तुला पाठ करावं लागलं नसणार, ते तुझ्या स्वभावातच आहे. मला काळजी वाटली ती फक्त त्या 'महिनाअखेर'ची.

हा वाद तुझ्यामाझ्यापेक्षा पुष्कळ जुना आहे, बाळ. १९०८ मध्ये अमेरिकन आणि ब्रिटिश ग्रंथपालांनी मिळून तालिकेचे नियम केले, तेव्हा बाकी बहुतेक गोष्टींवर त्यांचं जुळलं, पण नाव बदलणाऱ्या नियतकालिकांवर जुळलं नाही. अमेरिकन म्हणाले शेवटचं नाव घ्या, ब्रिटिश म्हणाले पहिलं घ्या. शेवटचं नाव घ्यायचं म्हणजे काय, ते कार्डांच्या काळात काम केलेल्याला विचारावं. मासिकानं नाव बदललं की जुनी कार्डं ड्रॉवरमधून उपसायची, नवी टाइप करायची, पुन्हा वर्णक्रमानं लावायची, आणि दोन वर्षांनी संपादकांना आणखी नवं नाव सुचलं की सगळं पहिल्यापासून. (रद्द झालेली कार्डं मी टाकून देत नसे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर आपल्या घराची वाणसामानाची यादी कित्येक वर्षं लिहिली जायची, आणि तुझी बाराखडीही त्यावरच गिरवून झाली आहे.) शेवटी १९६७ च्या अँग्लो-अमेरिकन नियमांनी वेगळी वाट धरली. प्रत्येक नावाची स्वतंत्र नोंद करायची, आणि दोन्ही नोंदींवर एकमेकींचा उल्लेख ठेवायचा. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ही पद्धत १९७१ मध्ये स्वीकारली. यात जुनं कार्ड जागचं हलत नाही, त्यावर शेवटचं वर्ष आणि 'पुढील नाव अमुक' एवढी एक ओळ वाढते. मला ती काटकसर फार आवडायची. झालेलं काम मोडायचं नाही, त्याला पुढचा टाका घालायचा.

आता तू म्हणशील, कार्डं गेली, ड्रॉवर गेले, कोहा या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीत एक बटण दाबलं की शंभर नोंदी बदलतात, मग काटकसरीचं कारण उरलं कुठे? अगदी खरं. म्हणूनच हे नियम पुन्हा एकदा तपासून बघायला हवेत, आणि तो प्रश्न तुला पडला याचा मला अभिमान वाटतो. पण या पद्धतीमागे खर्चाशिवाय दुसरंही एक कारण होतं, आणि ते अजून तसंच उभं आहे. वाचक आपल्याकडे येतो तो हातात संदर्भाची चिठ्ठी घेऊन. त्या चिठ्ठीवर नियतकालिकाचं नाव असतं ते लेख छापला त्या दिवशीचं. आजचं नाव त्याला ठाऊक असेलच असं नाही, आणि ते त्यानं ठाऊक करून घ्यावं अशी अपेक्षाही आपण ठेवू नये.

एकच उदाहरण जरा सावकाश बघू. सचिन चौधरी यांनी १९४९ मध्ये मुंबईत 'इकॉनॉमिक वीकली' सुरू केलं. ते १९६५ च्या अखेरीस थांबलं, आणि १९६६ च्या ऑगस्टपासून त्यांच्याच संपादकत्वाखाली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' निघू लागलं, जे आज सगळे ईपीडब्ल्यू म्हणून ओळखतात. समाजशास्त्राच्या मुलांना एम. एन. श्रीनिवास यांचा म्हैसूरकडच्या एका खेड्याच्या समाजरचनेवरचा लेख हमखास लागतो. तो १९५१ चा, म्हणजे 'इकॉनॉमिक वीकली'च्या तिसऱ्या खंडातला. आता तुझ्या बेतानं सगळं ईपीडब्ल्यूच्या एका नोंदीत घातलं असं समज. नव्या साप्ताहिकानं खंडांचे आकडे पुन्हा एकपासून सुरू केले, त्यामुळे एकाच नावाखाली दोन 'खंड ३' झाले, एक १९५१ चा आणि एक १९६८ चा. शिपाई कुठला काढून आणणार? तो बिचारा नवा खंड आणणार, कारण तो खालच्या रॅकवर असतो आणि पटकन हाती लागतो. मुलगा तो चाळणार, लेख सापडणार नाही, आणि संदर्भच चुकीचा दिला आहे असं समजून तो निघून जाणार.

असं मी डोळ्यांनी पाहिलंय. एका ग्रंथालयात (नाव कशाला घ्यायचं) संगणकावर फक्त चालू नावं ठेवली होती. एक मुलगी 'जर्नल ऑफ द बॉम्बे ब्रँच ऑफ द रॉयल एशियाटिक सोसायटी' असा संदर्भ घेऊन आली, तर काउंटरवरून तिला सांगितलं गेलं की असं जर्नल आमच्याकडे नाही. तिच्या मागच्याच कपाटात चामडी पुठ्ठ्यांचे ते खंड ओळीनं उभे होते, आणि त्यांच्या कण्यांवर सोनेरी अक्षरांत तेच नाव होतं.

त्या एशियाटिकचीच गोष्ट घे. १८०४ मध्ये जेम्स मॅकिंटॉश यांनी मुंबईत लिटररी सोसायटी काढली, आणि तिनं आपले निबंध 'ट्रान्झॅक्शन्स' म्हणून छापले. पुढे १८३० च्या सुमारास ती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली, १८४१ पासून तिचं जर्नल निघू लागलं, आणि १९२५ पासून त्याची नवी मालिका सुरू झाली, म्हणजे खंड पुन्हा एकपासून. स्वातंत्र्यानंतर शाखेचं नातं सुटलं, नाव एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे झालं, आणि २००२ मध्ये बॉम्बेचं मुंबई झालं. मधेच १८७३ मध्ये बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटी तिच्यात विलीन झाली, तिची स्वतःची 'ट्रान्झॅक्शन्स' वेगळीच होती. आता ही 'ट्रान्झॅक्शन्स' तू कुणाच्या पोटात घालणार? दोन नद्या एकत्र आल्यावर शेवटचं नाव एक तरी असतं, फाटा फुटला तर काय करायचं? लंडनच्या रॉयल सोसायटीचं 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' १६६५ पासूनचं, १८८७ मध्ये त्याचे 'ए' आणि 'बी' असे दोन भाग झाले. तिथे शेवटची नावं दोन आहेत. पहिल्या सव्वादोनशे वर्षांचे खंड त्यातल्या कुणाला द्यायचे, हे 'शेवटचं नाव घ्या' म्हणणाऱ्या नियमाला सांगताच येत नाही. रंगनाथनांनी १९३४ च्या आपल्या तालिका संहितेत नियतकालिकांच्या अशा गुंतागुंतींचे प्रकार पाडून एकेकाचा वेगळा विचार केला, तो यासाठीच. ते प्रकरण एकदा शांतपणे वाच, परीक्षेसाठी वाचलं होतंस तसं नव्हे.

माझ्या स्वतःच्या कागदांकडेच बघ ना. एस.एस.सी.च्या सर्टिफिकेटवर माझं माहेरचं नाव आहे, आणि रेशनकार्डावर तुझ्या आजोबांनी लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं. सर्टिफिकेटवरचं नाव खोडून कुणी नवं लिहिलं तर ते सर्टिफिकेट कुठेच चालायचं नाही. पेन्शनच्या वेळी साहेबांनी मागितला तो दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचा दाखला, आणि तो एक कागद मिळाल्यावर काम झालं. तुझ्या तालिकेला तसाच दाखला हवा आहे, आणि तो तुझ्या संगणकात तयारच आहे. मार्क या संगणकीय नोंदपद्धतीत ७८० हे क्षेत्र आधीच्या नावासाठी आणि ७८५ हे पुढच्या नावासाठी. ही दोन क्षेत्रं आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कोरी असतात, कारण ती भरायला दोन्ही बाजूंचे खंड हातात घ्यावे लागतात आणि तेवढा वेळ कुणाला नसतो. ती तू भर. मग वाचकानं कुठलंही नाव टाइप केलं तरी अख्खं कुळ एका पडद्यावर दिसेल, आणि प्रत्येक नावासमोर त्याची त्याची वर्षं आणि आपल्याकडे असलेले खंड दिसतील. तुला हवा तो एका शोधातला निकाल असाच मिळतो. इथे जुन्या नियमांपेक्षा तुझं म्हणणं बरोबर आहे. आम्ही नोंदी वेगळ्या ठेवल्या, पण त्यांची गाठ वाचकाला सोडवायला लावली, एका ड्रॉवरमधून दुसऱ्या ड्रॉवरकडे धाडलं. ते आता थांबायला हवं.

आयएसएसएनकडेही लक्ष दे. तो आठ अंकांचा क्रमांक नावाला बांधलेला असतो, नाव ठळकपणे बदललं की क्रमांक नवा. सगळी नावं एका नोंदीत कोंबलीस तर कुठला क्रमांक लिहिणार?

मात्र उलट टोकालाही जाऊ नकोस हं. प्रत्येक बारीक फरकाला नवी नोंद केलीस तर वाचक त्या गर्दीत हरवेल. अँग्लो-अमेरिकन नियमांच्या २००२ च्या दुरुस्तीत मोठा बदल आणि किरकोळ बदल असा भेद स्पष्ट केला आहे. नावाच्या पहिल्या पाच शब्दांत बदल झाला तर सहसा मोठा, पण शुद्धलेखनाचा फरक, एकवचन-अनेकवचन, जोडून की तोडून लिहिलंय, किंवा 'मासिक', 'जर्नल' असा प्रकार सांगणारा शब्द आला-गेला, तर तो किरकोळ. हे नियम इंग्रजी नावं डोळ्यासमोर ठेवून केलेले आहेत, मराठीत ते लावताना डोकं थंड ठेवावं लागतं. का. र. मित्रांचं १८९५ चं मासिक संदर्भांत कुठे 'मासिक मनोरंजन' असतं, कुठे नुसतं 'मनोरंजन'. आपल्याकडे तो प्रकाराचा शब्द पुढे बसतो, म्हणजे वर्णक्रमात एक 'मा'मध्ये जातं आणि एक 'म'मध्ये. नोंद एकच ठेव, पण शोध दोन्हींवरून लागू दे. १८६७ चा 'विविधज्ञानविस्तार' कुणी एका शब्दात लिहितं, कुणी तीन शब्द करून. जुन्या अक्षरांवरचे अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेले. यातल्या कशासाठीही नवी नोंद करायची नाही.

आणि मग 'किर्लोस्कर' येतं. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं ते कारखान्याच्या बातम्यांसाठी. त्या दशकाच्या अखेरीस 'खबर' गळालं आणि 'किर्लोस्कर' उरलं. आता 'खबर' हा प्रकार सांगणारा शब्द धरायचा का? धरला तर बदल किरकोळ, नाही धरला तर मोठा. नुसत्या नियमावर बोट ठेवून याचं उत्तर मिळत नाही. दोन्ही नावांचे अंक शेजारी ठेवून चाळले की मिळतं. कारखान्याचं घरगुती पत्र वाढत वाढत सगळ्या महाराष्ट्राचं मासिक झालं होतं, त्याचा वाचकच बदलला होता. माझ्या मते तिथे दोन नोंदी हव्यात. तुझं मत वेगळं पडलं तर चालेल, फक्त ते अंक पाहून पडलेलं असू दे.

म्हणून म्हणते, सकाळी लवकर जात जा. ग्रंथालय उघडायच्या आधीचा तास फार मोलाचा. फोन नाही, फॉर्मवर सही घ्यायला कुणी नाही. त्या तासात एकच नियतकालिक काढायचं, पहिल्या खंडाचं शीर्षकपान, नाव बदललं तो अंक आणि हातातला शेवटचा अंक असे तीन समोर ठेवायचे. बांधणीवाल्यानं कण्यावर छापलेल्या नावावर विश्वास ठेवू नकोस, तो मागच्या खंडाचा नमुना बघून छापतो आणि बदललेलं नाव बऱ्याचदा त्याच्या गावीही नसतं. पुष्कळदा नाव का बदललं ते संपादकांनी आत चार ओळींत सांगितलेलं असतं, त्या ओळी नोंदीत टिपून ठेव. दिवसाला एक, फार तर दोन. महिनाअखेरीला संपणार नाही, वर्षअखेरीलाही कदाचित नाही, आणि तुझ्या प्राचार्यांना तसं आत्ताच सांगून टाक.

तोवर एकत्र करायचं बटण दाबू नकोस, एवढं माझं ऐक. वेगळ्या नोंदी कधीही जोडता येतात. एकदा मिसळलेल्या पुन्हा निवडायच्या म्हणजे प्रत्येक खंड रॅकवरून उतरवावा लागतो, आणि तेवढी माणसं तुमच्याकडे नाहीत.

दिवाळीला येशील तेव्हा यादी घेऊन ये. किर्लोस्करांच्याच 'स्त्री' आणि 'मनोहर' या मासिकांचे खंड किती आहेत तेही बघून ठेव, 'किर्लोस्कर'बरोबर त्यांचंही बघू.

तुझी,
आजी