दानाचे फळ कोणते?

दान केल्याने देणाऱ्यास काय लाभते, हा प्रश्न विचारताना पुष्कळांना संकोच वाटतो. फळाची इच्छा मनात आली की दानाचे पावित्र्य उणावते, अशी आपली समजूत आहे. प्रभू येशूने मात्र हा संकोच बाळगलेला नाही. उजवा हात काय देतो हे डाव्या हाताला कळू न देता केलेले दान स्वर्गीय पिता पाहतो आणि त्याचे प्रतिफळ देतो, असे त्याने मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. म्हणजे फळ आहे. ते कोणत्या जातीचे, एवढाच विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

हा विचार करण्याची गरज आहे. एक रुपया द्या, परमेश्वर शंभर देईल, अशी शिकवण आज अनेक व्यासपीठांवरून दिली जाते. ऐकावयास ती गोड वाटते. परंतु तिच्यामुळे परमेश्वर सावकार ठरतो आणि दान हा व्याजाचा व्यवहार होतो. तिचा खरा घाव बसतो तो गरिबावर. त्याने पोटाला चिमटा घेऊन दान केले आणि घरातले आजारपण हटले नाही, कर्ज फिटले नाही, तर आपलीच श्रद्धा अपुरी पडली असे तो मानू लागतो. पैसाही गेला आणि वर अपराधाचे ओझेही आले.

दानाच्या फळाविषयी नव्या करारातील सर्वांत सविस्तर चिंतन एका वर्गणीच्या निमित्ताने झाले आहे. इसवी सन 55 च्या सुमारास संत पौल यरुशलेममधील दरिद्री श्रद्धावंतांसाठी निधी गोळा करीत होता. करिंथकरांनी वर्षभरापूर्वी उत्साहाने आरंभ केला होता, पण काम रेंगाळले होते. म्हणून त्याने मासेदोनियातील ख्रिस्तसभांचे उदाहरण त्यांच्यापुढे ठेवले. त्या स्वतः अत्यंत गरीब व छळाने गांजलेल्या होत्या. तरीही या सेवेत आम्हांला वाटा द्या, अशी विनवणी त्यांनीच केली होती. विशेष हे की, या वर्गणीसाठी पौलाने जो ग्रीक शब्द योजला, तोच त्याने ख्रिस्ताच्या कृपेसाठीही योजला आहे. देता येणे हीच त्याच्या दृष्टीने कृपा होती. मासेदोनियाच्या लोकांना देण्याआधी धन मिळाले नव्हते आणि दिल्यानंतर ते मिळाल्याची नोंदही नाही. नोंद आहे ती त्यांच्या आनंदाची.

हा आनंद कशाचा? संत लूकने लागोपाठच्या दोन अध्यायांत दोन श्रीमंत माणसे उभी केली आहेत. अठराव्या अध्यायातील अधिकारी सर्व आज्ञा पाळणारा होता. पण संपत्ती सोडण्याची गोष्ट निघताच तो खिन्न झाला. एकोणिसाव्या अध्यायातील जक्कयाने प्रभूचे आनंदाने स्वागत केले, अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्यांना लुबाडले होते त्यांना चौपट परत करण्याचे वचन दिले. पहिल्याचे धन त्याच्यापाशीच राहिले आणि त्या धनापाशी तोही राहिला. दुसऱ्याची तिजोरी रिकामी झाली, तो मात्र मोकळा झाला. दानाचे पहिले फळ हे मोकळेपण आहे, असे आम्हांला वाटते.

दुसरे फळ नात्याचे. जक्कयाला प्रभूने अब्राहामाचा पुत्र म्हटले, म्हणजे ज्या समाजाने त्याला दूर लोटले होते त्यात त्याला पुन्हा जागा दिली. पौलाच्या वर्गणीतही हेच घडावयाचे होते. देणारे बहुतांशी विदेशी, घेणारे यहुदी. घेणारे परमेश्वराचे आभार मानतील आणि ज्यांना त्यांनी कधी पाहिलेही नाही अशा देणाऱ्यांसाठी प्रार्थना करतील, हे फळ पौल करिंथकरांना सांगतो. रानातील मान्न्याची आठवण देऊन तो समानतेविषयीही बोलतो. आज तुमची विपुलता त्यांची उणीव भरून काढील, उद्या त्यांची तुमची. अशा देवघेवीत कोणी कायमचा दाता नसतो, कोणी कायमचा याचकही नसतो.

मात्र या फळाची राखण घेणाऱ्यांनीही करावयाची असते. मंदिरात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचा दाखला आपण नेहमी ऐकतो. परंतु मार्कच्या बाराव्या अध्यायात त्याच्या लगेच आधी प्रभूने विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांची कठोर निर्भर्त्सना केली आहे, हे आपण विसरतो. पौल ते विसरला नव्हता. एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणास बोट दाखविता येऊ नये म्हणून त्याने तीताबरोबर आणखी दोन बंधू पाठविले. चोख हिशेब हाही भक्तीचाच भाग आहे.

आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने यथाशक्ति काही बाजूला काढून ठेवावे, असे पौलाने करिंथकरांना लिहिले होते. दुसऱ्या शतकाच्या मध्यास संत जस्टिनने रोममधील रविवारच्या उपासनेचे वर्णन केले, त्यात अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परदेशी यांच्यासाठी जमणाऱ्या दानाचा उल्लेख आहे. आमच्या धर्मग्रामांत मिस्साबलिदानात फिरणारी दानाची पिशवी याच परंपरेतील आहे. तिच्यात हात घालताना आपण स्वतःला एकच विचारावे: बाकावर वा भिंतीवर आपले नाव कोरले जाणार नसेल आणि दिलेल्यातला एक पैसाही परतणार नसेल, तरी आपण देऊ काय?

पौलाला स्वतःला काय मिळाले? दान घेऊन तो यरुशलेमला पोहोचला, तेथे त्याला अटक झाली आणि कैसरियाच्या बंदिवासात दोन वर्षे काढावी लागली. व्यवहाराच्या वहीत हा शुद्ध तोटा आहे. परंतु दानाला त्याने पेरणीची उपमा दिली होती, आणि पेरणारा कणगीतले दाणे मोजीत बसत नाही. मातीत टाकलेला दाणा जसाच्या तसा परत मागणाऱ्याला पीक कधी दिसत नाही.