त्यांना काय चालतं?

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेच्या बैठकीत चहा येईपर्यंत मानधनावर वाद होतो आणि चहा आल्यावर वक्त्यांच्या नावांवर. तालुक्याचं गाव, वसंतातले तीन दिवस, तीन वक्ते, दीडशे खुर्च्या. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला ९३ वं साहित्य संमेलन झालं, वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. पुढे करोनानं व्याख्यानमाला बंदच पडली. ती पुन्हा सुरू करायची ठरली तेव्हा आमचे कोषाध्यक्ष म्हणाले, "संमेलनानं करून दाखवलं, आपणही एखादा ख्रिस्ती लेखक बोलवू." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आपण किती मोकळ्या मनाचे आहोत, याचं समाधान चहाबरोबर घोट घोट घेतलं.

लेखक सापडले वसईकडचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. वाडीतल्या विहिरी, केळीच्या बागा आणि आजीच्या सामवेदी बोलीवर त्यांनी एक सुरेख पुस्तक लिहिलं आहे. ते सुरेख आहे हे मला व्याख्यानाच्या दोन दिवस आधी कळलं, कारण बोलावणं गेलं तोवर समितीतल्या कुणीच ते वाचलेलं नव्हतं. पत्रिका मात्र छापून झाली होती: 'ख्रिस्ती साहित्यिक फादर' आणि पुढे त्यांचं नाव. याआधीच्या वक्त्यांच्या नावामागे आम्ही त्यांचा धर्म किंवा जात छापली नव्हती. नुसतं 'ज्येष्ठ' छापलं होतं.

"मी फादर नाही हो," स्टँडवर उतरल्या उतरल्या ते म्हणाले. "आजोबा आहे. दोन नातवंडांचा."

खरी चूक याच्या आधीच, फोनवर झाली होती. आदल्या संध्याकाळी कार्यवाह म्हणून मी त्यांना फोन केला. गाडीची वेळ, राहायची सोय वगैरे बोलून झाल्यावर आवाज शक्य तितका मऊ करून म्हणालो, "सर, श्रोते सगळ्या प्रकारचे असतात. धर्माचा विषय जरा टाळता आला तर बरं."

पलीकडे क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग ते म्हणाले, "विषय तुम्हीच दिलाय ना, 'माझ्या लेखनाची वाट'? आमच्याकडे विहिरीला पाणी लागलं की आजी क्रूस काढायची, मग पहिला पोहरा. हे सांगू की नको?"

"सांगा, सांगा," मी घाईघाईनं म्हणालो. फोन ठेवला आणि लक्षात आलं, पहिल्या दिवशी ज्ञानेश्वरीवर बोलणाऱ्या प्राध्यापकांना मी असा फोन केला नव्हता. करायचं सुचलंही नव्हतं. एका वक्त्याच्या बोलण्यात देव आला तर ती संस्कृती आणि दुसऱ्याच्या बोलण्यात आला तर तो प्रचार, ही वाटणी माझ्या डोक्यात कुणी करून ठेवली? बाहेरून कुणी आलं नव्हतं. माझीच होती.

वक्त्यानंही मर्यादा पाळायची असते, हे मला मान्य आहे. व्यासपीठ उसनं घेतलेलं असतं, त्यावर प्रवचन रेटू नये. पण ही अट घालायची तर तिन्ही वक्त्यांना घालावी. नाहीतर एकालाही नको.

मग समईचा घोळ. सरस्वतीच्या तसबिरीपुढे दीपप्रज्वलन ते करतील का, श्रीफळ घेतील का, यावर समितीत दोन तट पडले. एकानं तसबीर आतल्या खोलीत नेऊन ठेवली, दुसऱ्यानं ती तावातावानं बाहेर आणली. पाहुणे तोवर शेजारच्याच खोलीत, दाराआडून सगळं ऐकू येईल इतक्या अंतरावर, बसले होते. त्यांना विचारावं, असं कुणालाही वाटलं नाही. शेवटी त्यांनी स्वतःच बाहेर येऊन काडेपेटी मागितली. डोक्यावरच्या पंख्यामुळे पहिली काडी विझली. दुसरीला त्यांनी तळव्याचा आडोसा केला आणि वात तिरकी करून पेटवली, रोज सांजवात लावणारं माणूस करतं तशी. श्रीफळ हातात आलं तेव्हा कानाशी नेऊन हलवून पाहिलं. "पाणी आहे," म्हणाले.

पाहुणचारात माणूस मागं पडून बाकीच्याच गोष्टी पुढं येण्याची खोड आपली जुनी आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, व्याख्यानाच्या निमित्तानं शहरातली बडी मंडळी जमवली आणि त्यांच्यापुढं चहा-बिस्किटं आली. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कुणी चहा प्यायले, कुणी नुसता कपाला हात लावला. पुढे 'पुणे वैभव'मध्ये नावं छापून आली, बहिष्काराचं ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. गोपाळरावांचा खोडसाळपणा त्यात होताच. व्याख्यान विसरलं गेलं, चहा इतिहासात गेला.

आमच्या घरी चहाच्या जागी मटण होतं. "त्यांना काय चालतं?" बायकोनं विचारलं होतं. मी ठामपणे सांगितलं, "त्यांना मटण लागणार." आमचं घर शाकाहारी. म्हणून खानावळीतून डबा सांगितला, वेगळी ताटली काढली, आणि या उदारपणाचा थोडा अभिमानही वाटला. पाहुण्यांनी डब्याकडं पाहिलं आणि संकोचून म्हणाले, "आज शुक्रवार. उपवासकाळ चालू आहे आमचा, ईस्टरपर्यंत. शुक्रवारी मांस नाही खात." त्यांनी बायकोच्या हातचं पिठलं-भाकरी खाल्ली, वर ठेचा मागून घेतला. डबा शेजारच्या पोरांनी संपवला.

एक प्रश्न फोनवर विचारायचा होता, तो मी विचारला नाही. विचारू नये ते मात्र बोललो.

व्याख्यान फार चांगलं झालं. रहाटाचा आवाज त्यांनी तोंडानं काढून दाखवला तेव्हा मागच्या रांगेतली म्हातारी माणसं हसली. त्यांनी तो लहानपणी ऐकलेला होता. संपल्यावर एका बाईंनी कौतुकानं म्हटलं, "तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!" ते नुसते हसले. ज्यांच्या परंपरेतलं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या चौदा वर्षं आधी, गोव्यात ओव्यांमध्ये छापून झालं होतं, त्यांना हे प्रमाणपत्र देताना बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. हेतू वाईट असता तर उत्तर देणं सोपं गेलं असतं.

मग प्रश्नोत्तरं. मधल्या रांगेतून एक गृहस्थ उठले. "तुमच्या लोकांनी आमच्या लोकांना बाटवलं, त्याचं काय?"

धर्मांतरावर प्रश्न विचारूच नये, असं मी म्हणणार नाही. त्यावर लिहिलेल्या माणसाला जरूर विचारावा, कडक विचारावा. पण इथं पुस्तक विहिरींवर होतं, बोलणं विहिरींवर झालं होतं, आणि एका निवृत्त मास्तरांना एकदम चारशे वर्षांच्या पिंजऱ्यात उभं केलं जात होतं. अशा वेळी यजमानानं उठायचं असतं. 'प्रश्न पुस्तकावर विचारा,' एवढी तीन शब्दांची गोष्ट. माइक माझ्या हातात होता. मी त्याच्या वायरीचा पीळ सोडवत बसलो.

उत्तर त्यांनीच दिलं. "पोर्तुगीज वसईत आले १५३४ साली, चिमाजी अप्पांनी त्यांना घालवलं १७३९ साली. मधल्या काळात माझ्या कुठल्यातरी खापरपणजोबांचं काय झालं, ते मला विचारता येत नाही, तुम्हालाही नाही. ते आले तेव्हा आम्ही वाडीला पाणी देत होतो आणि गेले तेव्हाही देतच होतो." मग त्या गृहस्थांना त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं विहीर आहे का हो?" गृहस्थ गोंधळून म्हणाले, "होती. बुजवली." सभागृहात हशा पिकला. मी सुटलो.

रात्री त्यांना गाडीत बसवून दिलं. नातवंडांना दाखवायला म्हणून त्यांनी दोन पत्रिका मागून घेतल्या. स्टँडच्या दिव्याखाली खिशातलं पेन काढून दोन्हींवरचं 'फादर' खोडलं आणि घड्या घालून त्या पिशवीत ठेवल्या. 'ख्रिस्ती' तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी मी इतिवृत्ताच्या वहीत नोंद केली: 'श्रोत्यांच्या प्रश्नांना वक्त्यांनी समर्पक उत्तरं दिली. कार्यक्रम शांततेत पार पडला.' खाली कार्यवाह म्हणून माझी सही आहे.