आईबाप वेगळी झाली असता

शहापूर, जि. भंडारा.

आईबाप उतारवयात वेगळी झाली, तर संसारास लागलेल्या मुलांनी कोणाचा पक्ष घ्यावा? बांधी वाटून घेता येते. आईबाप वाटून घेता येत नाहीत. पाचव्या आज्ञेत बाप व आई ह्या दोघांचाही मान सांगितला आहे. ती एकत्र नांदत असतील तरच, अशी अट तीत नाही.

मग अन्याय झाला असता मुलाने गप्प बसावे काय? नाही. मान देणे म्हणजे दोष झाकणे नव्हे. मार खाल्लेल्या आईस बळेच परत धाडण्याने बापाचा मान राहत नाही. तिला आसरा द्यावा. आणि बाप आजारी पडल्यास त्याच्याही उशाशी बसावे.

ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. बाळ देवदत्त त्या ताटातुटीत वाढला. पुढे उभयतांचे मनोमीलन झाले. ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना लक्ष्मीबाईंनी पतीचा संताप लपविला नाही, आपली प्रीतीही लपविली नाही. आणि 1936 साली त्या वारल्यावर राहिलेला भाग देवदत्तांनीच पुरा केला. सत्य व आदर एकाच घरात राहू शकतात, हे त्यावरून दिसते.

निर्वाहाविषयी म्हणाल, तर असमर्थ पित्याच्या पोषणाचा भार विवाहित कन्येवरही येऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली ठरविले. मुलाच्या गळ्यातील हे ऋण आईबापांच्या भांडणाने फिटत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, मुलाने त्यांचा न्यायाधीश होऊ नये. एका घरची चहाडी दुसऱ्या घरी नेऊ नये. नव्या धानाचे तांदूळ मात्र दोन्ही घरी पोचवावेत.