गाळणकागदातलं कॅल्शियम

सेंट लुइसच्या प्रयोगशाळेतली कृती साधी होती. सशाचे स्नायू वाटायचे, पाण्यात कालवायचे आणि तो गढूळ अर्क गाळणकागदातून गाळून घ्यायचा. गेर्टी आणि कार्ल कोरी यांनी या वाटेने १९४० च्या दशकात फॉस्फोरिलेज हे विकर स्फटिकरूपात मिळवलं. स्नायूत साठलेल्या ग्लायकोजेनमधून ग्लुकोजचा एकेक घटक सुटा करणं हे त्याचं काम. ते दोन रूपांत सापडे. ‘ए’ रूप आपलं आपण काम करी. ‘बी’ला एएमपी नावाच्या छोट्या रेणूची कुबडी लागे. ‘ए’चं ‘बी’ करून टाकणारं आणखी एक विकरही कोरींना सापडलं होतं. ते ‘ए’मधला एएमपी काढून घेत असणार, असा त्यांचा तर्क, त्यावरूनच त्याला ‘पीआर’ (प्रॉस्थेटिक-ग्रुप रिमूव्हिंग, म्हणजे जोडगट काढणारं) हे नाव पडलं. तर्क सुबक होता. फक्त ‘ए’ रूपात एएमपी कधी हाती लागला नाही.

कोरींकडे काही काळ काम केलेले एडविन क्रेब्ज पुढे सिएटलला गेले. तिथे त्यांना एडमंड फिशर भेटले. फिशरांनी स्वित्झर्लंडमध्ये बटाट्यातलं फॉस्फोरिलेज हाताळलं होतं आणि त्याला एएमपी लागत नव्हता. सशाला लागतो, बटाट्याला नाही, हे काय गौडबंगाल, म्हणून दोघे कामाला लागले. अर्क काढताना त्यांनी गाळणकागद वगळून सेंट्रिफ्यूज वापरला, तर ‘ए’ मिळेचना, नुसतं ‘बी’. कागदातून गाळलं की मात्र ‘ए’ हजर. कागदात कॅल्शियमचा अंश होता आणि त्यानेच अर्कातलं एक अनोळखी विकर जागं होत होतं. हे विकर एटीपी या ऊर्जावाहू रेणूच्या शेपटाकडचं फॉस्फेट उचलून फॉस्फोरिलेजवर चिकटवतं, हे दोघांनी १९५५ मध्ये दाखवलं. आठशेहून जास्त अमिनो आम्लांची साखळी, तिच्यातल्या चौदाव्या जागेवरच्या सेरीनला एक फॉस्फेट, आणि ‘बी’चं ‘ए’ झालं. चिकटवणाऱ्या विकराला नाव मिळालं फॉस्फोरिलेज कायनेज.

या गोष्टीत अपघाताचं कौतुक नेहमी होतं. मला त्याहून मोठी गंमत दुसरीच वाटते. जिवंत स्नायूला आकुंचन पावायला सांगणारा निरोप कॅल्शियमचाच असतो. स्नायू आखडायचा तर इंधन लागणार, म्हणून तोच निरोप कायनेजलाही पोचतो. म्हणजे कागदातून आलेली ती ‘भेसळ’ नव्हतीच. वाटून मेलेल्या स्नायूला कागद सांगत होता की पळ, आणि अर्क ते ऐकत होता.

प्रथिनांवर फॉस्फेट असतं हे आधीपासून ठाऊक होतं. दुधातल्या केसीनवर ते भरपूर असतं. पण त्याकडे पोषणाचा ऐवज म्हणून पाहिलं जाई. एटीपीतलं फॉस्फेट म्हणजे तर पेशीचं चलन, सगळा जमाखर्चाचा मामला. तेच फॉस्फेट खर्चायला नव्हे तर सांगायला वापरलं जातं, हा विचार नवा होता. फॉस्फेटला स्वतःचा अर्थ नाही. वेलांटीला तरी कुठे असतो? पण ‘दिन’ची वेलांटी बदलली की ‘दीन’ होतो. कायनेजचं काम या जातीचं आहे, आणि वेलांटी कुठल्या अक्षराला द्यायची यातच त्याचं सगळं कसब.

तरीही हा ग्लायकोजेनपुरता अपवाद मानला गेला. अर्ल सदरलंड यांनी यकृतावर काम करताना ॲड्रेनलिनचा निरोप पेशीच्या आत नेणारा चक्रीय एएमपी शोधला. तो नेमका कुणाच्या कानात बोलतो, याचं उत्तर १९६८ मध्ये क्रेब्ज यांच्याच गटाने दिलं: आणखी एका कायनेजच्या. ते कायनेज फॉस्फोरिलेज कायनेजवर फॉस्फेट लावतं आणि ते फॉस्फोरिलेजवर. घरातल्या उतरंडीसारखी ही रचना आहे, वर सर्वांत लहान मडकं आणि खाली मोठं मोठं होत जाणारं. ॲड्रेनलिनचे मोजके रेणू वर, आणि तळाशी रक्तात ओतायला ग्लुकोजचा लोंढा. उतरंडीतल्या या वरच्या कायनेजची खोडी अशी की ते फॉस्फोरिलेजपाशी थांबत नाही, अनेक प्रथिनांवर काम करतं. तिथे अपवाद संपला. २००२ मध्ये मानवी जनुकसंचातली कायनेज मोजली गेली तेव्हा ती ५१८ भरली.

मधल्या काळात एक आळसही कामी आला. १९७९ मध्ये साल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर विषाणूंच्या कर्करोगकारी प्रथिनांवर कुठल्या अमिनो आम्लाला फॉस्फेट लागतं ते तपासत होते. सेरीन किंवा थ्रिओनिन, एवढेच दोन पर्याय माहीत. बफर नव्याने करायचा कंटाळा केला आणि जुनाच पुन्हा वापरला. त्याचा पीएच १.९ वरून १.७ वर उतरला होता. तेवढ्याने थ्रिओनिनच्या ठिपक्यात एरवी लपणारा ठिपका वेगळा पडला. तो होता टायरोसिन. साध्या पेशीत असं फॉस्फेट हजारात एकाहूनही कमी. पण पेशीने वाढायचं की नाही, ही बोलणी बरीचशी तिथेच चालतात.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात गुणसूत्र ९ आणि २२ यांचे तुकडे अदलाबदल होतात आणि एबल हे टायरोसिन कायनेज कायमचं चालू राहतं. त्याच्या एटीपीच्या खोबणीत बोळा कोंबायची कल्पना अनेकांना भाबडी वाटली, कारण सगळ्या कायनेजची ती खोबण एकमेकींसारखीच. पण असाच बोळा असलेल्या इमॅटिनिब या औषधाच्या पहिल्या चाचणीत पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचं रक्त सुधारलं, आणि मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. आपल्याकडे कायनेज हा शब्द कानावरून न गेलेल्यांनीही ग्लिव्हेक हे त्याचं बाजारातलं नाव वाचलं ते पेटंटच्या खटल्यामुळे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीची पेटंटची मागणी फेटाळली.

औषधांमुळे कायनेजला जो मान मिळाला तो फॉस्फेट पुसणाऱ्या फॉस्फटेजला मिळाला नाही, ही माझी तक्रार आहे. न पुसलेला निरोप हा निरोप उरत नाही. एबलचा आजार तोच तर आहे. आणि पुसणारं विकर सापडलं होतं लावणाऱ्याच्या आधी. कोरींचं ‘पीआर’ एएमपी काढत नव्हतं, फॉस्फेट काढत होतं. टायरोसिनवरचं फॉस्फेट पुसणारं पहिलं विकर शुद्ध स्वरूपात मिळायला मात्र १९८८ उजाडलं. ते मानवी वारेतून वेगळं केलं निकोलस टॉन्क्स यांनी, सिएटलमध्ये, फिशरांच्या प्रयोगशाळेत.