वस्तीची परीक्षा

घर बांधण्याची भूमी कशी पारखावी याविषयी आश्वलायन गृह्यसूत्रात जे विवेचन आहे, ते मुलुंडच्या किंवा भांडुपच्या एखाद्या नव्या इमारतीत बिऱ्हाड करू पाहणाऱ्या गृहस्थाने वाचले तर त्याला प्रथम हसूच येईल. कारण भूमी खारी नसावी ही सूत्रकाराची अगदी आरंभीची अट आहे, आणि तिकडच्या पूर्वेस पसरलेली मिठागरे पाहता या एकाच निकषावर उपनगरांचा बराच प्रदेश बाद व्हावा. पुढे गुडघाभर खड्डा खणून तीच माती त्यात परत भरावी, माती उरली तर भूमी उत्तम, बरोबर बसली तर मध्यम, अपुरी पडली तर त्याज्य, असेही सांगितले आहे. सातव्या मजल्यावर राहणाऱ्याला या खड्ड्याचे प्रयोजन काय? परंतु खारेपणाच्या अटीला लागूनच, भूमी विवादग्रस्त नसावी, अशी जी दुसरी अट येते, ती मात्र सातबारा, फेरफार आणि बिनशेतीचा हुकूम डोळ्यांत तेल घालून तपासणाऱ्या आजच्या खरेदीदारालाही मान्य व्हावी.

वस्ती कुटुंबाला मानवेल की नाही, हा निव्वळ व्यवहाराचा प्रश्न समजून आपण तो दलालाच्या स्वाधीन करतो. माझ्या मते तो गृहस्थधर्माचा प्रश्न आहे. बुद्धाच्या मंगलसुत्तात अनुरूप प्रदेशी वास करणे हे मंगलांत गणले आहे, आणि धनिक, वेदवेत्ता, राजा, नदी व वैद्य हे पाच जेथे नाहीत तेथे एक दिवसही राहू नये, असे चाणक्यनीती बजावते. ही यादी आजही फारशी शिळी झालेली नाही: रोजगार, शाळा, पोलीस चौकी, पाणी आणि दवाखाना यांचीच चौकशी आपण करतो. तिच्यात उणे आहे ते एवढेच की कुटुंब म्हणजे एकच माणूस, असे ती गृहीत धरते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला आगगाडी धावली, तेव्हापासून आपल्याकडे उपनगराची लायकी स्थानकापासूनच्या अंतरावर, म्हणजे जो माणूस सकाळी तेथून निघून जातो त्याच्या सोयीवर, ठरत आली आहे. कर्ता पुरुष रविवारी येऊन जागा पाहतो, बयाणा देतो, आणि सोमवारपासून दिवसाचे दहा-बारा तास तेथून परागंदा होतो. वस्तीत खरोखर राहतात ती दुपारच्या टँकरची वाट पाहणारी गृहिणी, उद्वाहक बंद पडला की देवळाला मुकणारी तिची सासू, आणि शिकवणीहून परतताना गल्लीतला दिवा लागला आहे की नाही हे लांबूनच न्याहाळणारी मुलगी. गृहिणीलाच गृह म्हणण्याची आपली चाल जुनी आहे, पण मुखत्यारपत्र तिच्या नावाने क्वचितच लिहिले जाते. ज्याला जागेचा सर्वांत कमी उपसर्ग, त्यानेच निर्णय घ्यावा, हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो?

शिवाय गृहस्थाला पंचमहायज्ञ सांगितले आहेत, आणि त्यांतील मनुष्ययज्ञ म्हणजे अतिथीचे स्वागत. देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण चार भिंतींच्या आतही फेडता येईल, पण अतिथीला यायला रस्ता लागतो आणि फाटक उघडे लागते. वस्ती आपल्याला काय देईल याची टाचणे आपण करतो. आपण तेथे कोणाच्या उपयोगी पडू, हा रकाना त्यांत नसतो.

येथे सूत्रकाराचीही उलटतपासणी करणे प्राप्त आहे. जो भूमी विवादरहित असावी म्हणतो, तोच पुढे पांढरी माती ब्राह्मणाला, तांबडी क्षत्रियाला आणि पिवळी वैश्याला योग्य, अशी वाटणी करतो. पहिल्या अटीत दुसऱ्याच्या हक्काची बूज आहे, दुसरीत केवळ स्वतःच्या जन्माची. पहिली मी शिरोधार्य मानतो, दुसरी टाकून देतो. आपण मात्र मातीचा रंग विसरलो आणि वाटणी तेवढी जपून ठेवली. ‘आपली माणसं आहेत ना तिथे?’ हा प्रश्न विचारणाऱ्यास आपण काही अधर्म करतो असे वाटतही नाही. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना पारशी नाव घेऊन पारशांच्या पथिकाश्रमात उतरावे लागले, आणि ते कळताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले; परंतु बडोद्यात त्यांच्यापुढे कोणती वस्ती मानवेल हा प्रश्नच नव्हता, कोणती वस्ती घेईल एवढाच होता, आणि आडनाव, धर्म किंवा ताटातला पदार्थ विचारून आजही कित्येक कुटुंबांना त्याच प्रश्नाशी आणून सोडले जाते.

म्हणून जागा पाहायला जाणाऱ्याने गृहसंस्थेच्या चिटणीसाला, पाणी किती तास येते, याच्या जोडीला आजवर घर कोणाला नाकारले, हेही विचारावे. चिटणीस बहुधा चहा मागवतो आणि वाहनतळाविषयी बोलू लागतो.