हसू आणि हसे



मराठीत ‘हसू’ आणि ‘हसे’ या शब्दांत एका स्वराचेच अंतर आहे. पहिले चेहऱ्यावर उमटते, दुसरे माणसाचे होते. निकाहासाठी स्थळ पाहण्याच्या आपल्या बैठकींत हे अंतर किती सहज पुसले जाते, ते आठवून पाहा. मुलगी येते, सलाम करते, कोणाच्या तरी बोलण्यावर तिला हसू येते; आणि परतीच्या वाटेवर निर्णय होतो की बाकी सर्व उत्तम, पण हसली की पुढच्या दातांतली फट दिसते. हा निरोप मध्यस्थाकरवी तिच्या घरी पोहोचतोच. त्यानंतर ती ओढणीचे टोक ओठांवर धरल्याशिवाय हसत नाही. (तंबाखूने दात काळवंडलेले काकाही या परीक्षक मंडळात असतात. मिस्वाकविषयी पैगंबरांनी किती आग्रह धरला होता, हे त्यांना कोणी विचारीत नाही.)

ज्या फटीमुळे हे स्थळ मोडले, ती फट प्राचीन अरबांत सौंदर्याचे लक्षण मानली जाई. इतकी, की काही स्त्रिया चांगले दात कानशीने घासून मुद्दाम फट पाडून घेत. केवळ शोभेसाठी अल्लाहने घडवलेले रूप बदलणाऱ्या अशा स्त्रियांचा कठोर निषेध हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या हदीसमध्ये आला आहे. ‘शमाइल’च्या वर्णनांत तर स्वतः पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या पुढच्या दातांत किंचित अंतर असल्याचा उल्लेख येतो. तिथे ज्यासाठी दात घासले जात, तेच बुजवण्यासाठी आज आपण पैसे मोजतो. मग आपण ज्याला ‘सुंदर हसू’ म्हणतो, ते दातांत असते की पाहणाऱ्याच्या सवयीत?

पाहणाऱ्याची नजर तरी कितपत बारीक असते? 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, मुद्दाम फेरफार केलेली हसऱ्या ओठांची छायाचित्रे लोकांना दाखवण्यात आली. दातांचा तिरपेपणा सामान्यांनाही दिसला, हे खरे. परंतु वरच्या दातांची मध्यरेषा 4 मिलिमीटर बाजूला सरकवली, तेव्हा ती फक्त दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांना खटकली. इतर दंतवैद्यांच्या आणि सामान्य लोकांच्या ध्यानातही आली नाही. आरशात जे डोंगराएवढे वाटते, त्यातले बरेचसे समोरच्याला दिसतच नाही. कोणीतरी बोट दाखवावे लागते.

हे बोट दाखवणे आपण फार हलके समजतो. सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत दुसऱ्याची टर उडवण्यास मनाई करताना पुरुषांचा उल्लेख वेगळा आणि स्त्रियांचा वेगळा केला आहे. दोघांपैकी कोणालाही पळवाट ठेवलेली नाही. आपल्या बांधवाकडे पाहून स्मित करणे हाही सदका आहे, असे पैगंबरांनी (स.) शिकवले. ज्याच्या खिशात रुपयाही नाही, त्याचाही हा सदका चालू राहतो. एका शेऱ्याने जिला ओठ मिटून घ्यावे लागले, तिचा हा सदका कोणी अडवला, याचा हिशेब शेरा मारणाऱ्याने मांडावा.

दात वेडेवाकडे असतील, चावण्या-बोलण्यास अडचण होत असेल किंवा स्पष्ट व्यंग असेल, तर उपचार करून घेण्यास सर्वसाधारणपणे उलेमांची हरकत नाही. युद्धात नाक गमावलेल्या हजरत अरफजा (रजि.) यांना चांदीचे नाक मानवेना, तेव्हा पैगंबरांनी त्यांना सोन्याचे नाक बसवून घेण्यास सांगितले, एरवी पुरुषाला सोने निषिद्ध असताना! उपचारात संकोच नको. संकोच वाटावा तो टोमण्याचा.

सहाबींनी पैगंबरांचे हसू कसे पाहिले? हजरत जरीर (रजि.) एवढेच नोंदवतात की, त्यांनी इस्लाम स्वीकारल्यापासून पैगंबरांची नजर त्यांच्यावर पडली आणि चेहऱ्यावर स्मित उमटले नाही, असे कधी घडले नाही. ते दातांविषयी बोलत नाहीत, नजरेविषयी बोलतात. फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी 1862 मध्ये दाखवले होते की ओठांचे कोपरे माणूस हवे तेव्हा वर ओढू शकतो, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू असा सहजी हुकूम मानत नाही. तो खऱ्या आनंदाने आकसतो. हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांना हे कोणी शिकवले नव्हते. तबूकच्या मोहिमेत मागे राहिल्यानंतर ते पैगंबरांसमोर आले, तेव्हा पैगंबर हसले; पण ते रागावलेल्या माणसाचे हसू होते, हे कअब यांनी त्याच क्षणी ओळखले. मग 50 रात्री त्यांच्याशी कोणी बोलले नाही. तौबा स्वीकारल्याची वार्ता आली, ते मशिदीत पोहोचले आणि त्यांनी सलाम केला. त्या वेळी तो चेहरा आनंदाने कसा उजळला होता, हे कअब वृद्धापकाळीही सांगत राहिले. आणि त्यासाठी त्यांना चंद्राच्या तुकड्याहून दुसरी उपमा सापडली नाही.