हेवा बरोबरीच्यांचाच



पंचेचाळिशीत आपण हिशेब मांडू लागतो: सोबत लागलेला मॅनेजर झाला, आपण सुपरवायझरच. ॲरिस्टॉटल म्हणतो, हेवा वाटतो तो बरोबरीच्यांचा. टाटांच्या संपत्तीने आपली झोप उडत नाही. शेजाऱ्याच्या नव्या गाडीने उडते.

मत्तयच्या 20व्या अध्यायातल्या, दिवसभर राबलेल्या मजुरांना ठरलेला दीनार पुरा मिळाला होता. शेवटी आलेल्याच्या हातात तेवढाच दिसला, आणि तो पुरेनासा झाला.

मात्र त्याच लाइनवर तेच काम करणारा कंत्राटी कामगार कायम कामगाराएवढा पगार मागतो, त्याला हेवा म्हणू नये. तो न्यायाचा प्रश्न आहे.

2020च्या डिसेंबरात तळेगावच्या जनरल मोटर्समधले उत्पादन थांबले. तोवर ज्यांचा पगार आपण विचारत होतो, त्यांच्या घरी मग विचारपूस करायला कोण गेले?